78 ची तबकडी: गाणं तीन मिनिटांतच का संपतं, गायिका शेवटी नाव का सांगते, आणि आज ती वाजवायची कशी

प्रश्न असा आहे: घरात 78 च्या (मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या) जुन्या तबकड्यांचा गठ्ठा आणि चावीचा ग्रामोफोन निघाला आहे. त्यावरचं प्रत्येक गाणं तीन-सव्वातीन मिनिटांत का आटोपतं? काही तबकड्यांवर गाणं संपताच गायिका इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते, ते कशासाठी? आणि तबकड्या खराब न होता ऐकायच्या कशा?

तिन्ही प्रश्नांची उत्तरं यंत्राच्या घडणीत सापडतात. सुईची जाडी, खाचांमधलं अंतर, मेणाचा मऊपणा, लाखेचा ठिसूळपणा या गोष्टींनी गाण्याचा आकार ठरवला, आणि आज तबकडी हाताळताना सांभाळायच्या गोष्टीही त्याच आहेत. म्हणून इतिहास आणि कृती एकत्रच सांगतो.

आधी तीन मिनिटांचा हिशेब. तबकडी दहा इंची असते. बाहेरची कोरी कड आणि मधला कागदी शिक्का सोडला तर खाचांसाठी त्रिज्येवर पावणेतीन इंचांच्या आसपास जागा उरते. 78 च्या तबकडीवर एका इंचात साधारण 90 ते 100 खाचा बसतात, म्हणजे एकूण 250 ते 270 फेरे. मिनिटाला 78 फेरे या हिशेबाने भाग द्या: सव्वातीन ते साडेतीन मिनिटं. बारा इंची तबकडीवर हाच आकडा चार-साडेचार मिनिटांपर्यंत जातो. खाचा याहून दाट का नाहीत? कारण कर्ण्याच्या यंत्रात आवाज वाढवणारी वीज नाही. खाचेची वळणं जितकी रुंद तितकी सुई जास्त हलते, पडदा जास्त थरथरतो आणि आवाज खोलीभर पोचतो. खाचा दाट केल्या तर वळणांना जागा उरत नाही, शेजारची भिंत फुटते. वेळ वाढवायची तर आवाज कमी करावा लागला असता, आणि कर्ण्यावर ऐकणाऱ्याला ते चाललं नसतं.

एडिसनच्या मूळ फोनोग्राफची गोष्ट याहून आखूड होती. 1877 सालचं ते यंत्र पितळी नळकांड्यावर गुंडाळलेल्या कथलाच्या पातळ पत्र्यावर आवाज टोचायचं. दोन-चार वेळा वाजवलं की पत्रा फाटायचा. पुढे मेणाची नळकांडी आली: चार इंचांच्या आसपास लांबी, इंचाला 100 खाचा, मिनिटाला 160 फेरे. त्यात दोन मिनिटं आणि वर काही सेकंद एवढंच मावतं. 1908 मध्ये एडिसनने इंचाला 200 खाचा पाडून चार मिनिटं मिळवली, पण तोवर बाजार एमिल बर्लिनरच्या चपट्या तबकडीकडे वळला होता. तबकडीचं मोठं सामर्थ्य म्हणजे ती एका धातूच्या साच्यातून छापता येते. सुरुवातीच्या नळकांड्यांसाठी मात्र गायकाला ओळीने मांडलेल्या यंत्रांपुढे तेच गाणं पुन्हा पुन्हा गावं लागायचं.

एडिसनच्या डोक्यात संगीत आधी नव्हतंच. 1878 मध्ये त्याने फोनोग्राफच्या उपयोगांची जी यादी छापली तिच्यात पहिलं स्थान पत्रं सांगून लिहवण्याला होतं, मग अंधांसाठी बोलकी पुस्तकं, वक्तृत्वाचं शिक्षण आणि चौथ्या क्रमांकावर संगीत. यंत्राला करमणुकीकडे ओढलं ते सॅनफ्रान्सिस्कोच्या एका मद्यालयात 23 नोव्हेंबर 1889 रोजी लुई ग्लास यांनी बसवलेल्या नाणं टाकायच्या फोनोग्राफने. कानाला नळी लावायची, नाणं टाकायचं, एक गाणं ऐकायचं. ज्यूकबॉक्सचा वंश तिथून सुरू होतो, आणि लोकप्रिय गाणं म्हणजे दोन-तीन मिनिटांचं गाणं ही सवयही तिथेच मुरायला लागते.

आता नाव सांगण्याचं. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायसबर्ग 1902 च्या अखेरीस कोलकात्यात आले. तिथे नोव्हेंबरमध्ये गौहर जान गायल्या आणि गाण्याच्या शेवटी त्यांनी इंग्रजीत आपलं नाव घोषित केलं. त्या काळी मेणाच्या मूळ तबकड्या जहाजाने जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या. तिथे त्यांवर धातूचा मुलामा चढवून साचे बनायचे, छपाई व्हायची आणि माल परत हिंदुस्थानात यायचा. कारखान्यातल्या माणसांना ना भाषा कळे ना आवाज ओळखता येई. कोणत्या साच्याला कोणतं नाव हे पक्कं करायला आवाजातच नाव नोंदवलेलं सोयीचं पडे. 1908 मध्ये कोलकात्याला सियालदह भागात छपाई सुरू झाली आणि 1928 मध्ये डमडमचा मोठा कारखाना आला. मग या घोषणेची गरज उरली नाही, तरी काही कलावंतांनी ती पुढेही चालू ठेवली, कारण श्रोत्यांना ती आवडायला लागली होती.

ध्वनिमुद्रण व्हायचं कसं ते नीट समजून घ्या, कारण जुन्या तबकडीत काय ऐकू येणार आणि काय नाही हे त्यावरून ठरतं. 1925 पूर्वी तबकड्यांच्या ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन वापरात नव्हता. गायकाने तोंड कर्ण्याच्या जवळ न्यायचं, कर्ण्याच्या टोकाला पडदा, पडद्याला जोडलेलं पातं, आणि ते फिरत्या मेणाच्या जाड तबकडीत खाच कोरायचं. मेण नीट कापलं जावं म्हणून ते आधी ऊबदार कपाटात ठेवायचे. गार मेणात पातं खरखरतं, फार मऊ झालेल्या मेणात खाच बुजते. तान वर गेली की गायकाला मागे ओढायचं, खर्जात आला की पुढे ढकलायचं, नाहीतर पातं खाचेबाहेर उडी मारायचं आणि ती तबकडी वाया जायची. या पद्धतीत साधारण 250 ते 2500 हर्ट्झ एवढाच पट्टा नीट उतरतो. म्हणून तंबोरा जवळजवळ नाहीसा होतो, डग्ग्याचा घुमारा लागत नाही, तबल्याची फक्त चाट ऐकू येते, पेटी आणि सारंगी मात्र ठसठशीत येतात. तुमच्याकडच्या 1910-20 मधल्या तबकडीत डग्गा नाही म्हणून टर्नटेबलला दोष देऊ नका. तो कधी कोरला गेलाच नव्हता.

याच कारणासाठी मोबाइलवर फिरणाऱ्या दोन गोष्टींवर विश्वास ठेवू नये असं माझं ठाम मत आहे. पहिली म्हणजे स्वामी विवेकानंदांच्या 1893 च्या शिकागोतल्या भाषणाचं ‘मूळ ध्वनिमुद्रण’. 1893 मध्ये फोनोग्राफ होता हे खरं, पण भरल्या सभागृहात व्यासपीठावरून बोलणाऱ्याचा आवाज आणि समोरच्या टाळ्या टिपण्याची ताकद त्याच्यात नव्हती. वक्त्याने तोंड कर्ण्यात घालून दोन-तीन मिनिटंच बोलायला हवं होतं. फिरणाऱ्या फितीत सभागृहाचा घुमारा आहे, खर्ज आहे, सलग लांब बोलणं आहे. तो आवाज नंतरच्या कुणाचा तरी आहे. दुसरी कथा म्हणजे एडिसनने एचएमव्हीच्या (ग्रामोफोन कंपनीचा ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ हा शिक्का) पहिल्या तबकडीसाठी संस्कृतचे पंडित मॅक्सम्युलर यांना बोलावलं आणि त्यांनी ऋग्वेदातली पहिली ऋचा म्हटली. एडिसनचा एचएमव्हीशी संबंध नव्हता. ग्रामोफोन कंपनी बर्लिनरच्या पेटंटवर उभी राहिली आणि एडिसनने 1877 मध्ये स्वतः म्हटलं ते एक साधं बालगीत होतं. जुनी म्हणून कुणी फीत पाठवली की तीन गोष्टी तपासा: लांबी, खर्जाचा भरणा आणि खोलीचा घुमारा. 1925 पूर्वीचं सांगितलं असेल आणि यांतली एक जरी गोष्ट जुळत नसेल तर दावा सोडून द्या.

कुत्र्याच्या चित्राबद्दलही थोडं, कारण तुमच्या पेटीवर बहुधा तेच आहे. फ्रान्सिस बॅरो या चित्रकाराने निपर हा कुत्रा आधी मेणाच्या नळकांड्याच्या यंत्रासमोर बसवला होता. 1899 मध्ये ग्रामोफोन कंपनीने चित्र विकत घेताना ते यंत्र रंगाने झाकून त्या जागी तबकडीचं यंत्र काढायला लावलं. मूळ कल्पनेत अर्थ होता: नळकांड्याच्या यंत्रावर घरच्या घरी आवाज भरता यायचा, त्यामुळे कुत्र्याला खरोखर धन्याचा आवाज ऐकू येणं शक्य होतं. तबकडीचं यंत्र फक्त वाजवतं, त्यावर घरी आवाज भरता येत नाही.

तीन मिनिटांच्या या चौकटीत आपल्या गायकांनी काय केलं हा मला सगळ्यांत मोलाचा भाग वाटतो. नाटकात ‘वन्समोअर’ घेत पाव तास रंगणारं पद तबकडीवर आलं तेव्हा मुखडा, अंतरा, मोजक्या ताना आणि परत मुखडा असं बांधलं गेलं. ख्यालातली विलंबित बहुतेक गळाली, द्रुत उरली. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी ऐका. तीन मिनिटांत सूर लागतो, राग उभा राहतो आणि घाई कुठेच जाणवत नाही. बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर, सुंदराबाई जाधव यांच्या तबकड्यांनी नाट्यपदं आणि भावगीतं नाटकगृहाबाहेर, हॉटेलांत आणि घराघरांत पोचवली. तीच पदं तबकडीवरून पाठ करून गाणारी पिढी तयार झाली आणि तबकडीतली तान ‘मूळ’ तान ठरली.

सगळ्यांनी हे मानलं नाही. अल्लादिया खाँसाहेबांचं एकही ध्वनिमुद्रण आज ऐकायला मिळत नाही. त्यांच्या शिष्या, गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर, मोजक्याच तबकड्या गायल्या, आणि त्यांतली भैरवीतली एक चीज 1977 मध्ये नासाच्या व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली. तिथेही लांबी साडेतीन मिनिटं, म्हणजे 78 च्या एका बाजूचीच. ती यानावरची तबकडी म्हणजे फोनोग्राफचीच रेकॉर्ड आहे: तांब्याची, बारा इंची, सोन्याचा मुलामा दिलेली, मिनिटाला 16⅔ फेऱ्यांची. सोबत सुई आणि कार्ट्रिज दिलं आहे. अॅल्युमिनियमच्या आवरणावर सुई कुठे टेकवायची आणि एक फेरा किती वेळात पुरा व्हायला हवा, 3.6 सेकंद, हे हायड्रोजन अणूच्या मापात कोरलं आहे. परग्रहावरच्या ऐकणाऱ्यांना सेकंद माहीत असण्याची शक्यता नाही, म्हणून ही युक्ती. 55 भाषांतल्या शुभेच्छांमध्ये मराठीही आहे.

वेगाचा मुद्दा निघालाच आहे तर 33⅓ कुठून आला तेही सांगतो. तो सिनेमातून आला. 1926 च्या व्हायटाफोन पद्धतीत चित्रपटाचा आवाज वेगळ्या सोळा इंची तबकडीवर असायचा. हजार फुटांचं रीळ मिनिटाला 90 फूट वेगाने साधारण 11 मिनिटं चालतं. तेवढा वेळ एका बाजूत भरायचा तर वेग उतरवावा लागला. फितीच्या कडेला ध्वनिपट्टी आल्यावर ती पद्धत मोडीत निघाली, पण वेग टिकला आणि कोलंबियाने 1948 मध्ये बारीक खाचांची एलपी त्याच वेगावर आणली.

आता तुमच्या गठ्ठ्याकडे वळू. आधी तबकडी कशाची आहे ते ओळखा. 78 ची तबकडी जड, करकरीत आणि जराही न वाकणारी असते. नखाने हलकं वाजवलं तर कौलासारखा आवाज येतो. ती लाखेची. लाख एकूण वजनाच्या पाव हिश्शाच्या आसपास किंवा कमी, बाकी दगडाची बारीक पूड, काजळी आणि थोडे कापसाचे तंतू. लाख प्रामुख्याने हिंदुस्थानातून जायची, छोटा नागपूरच्या पळस, बोर आणि कुसुम या झाडांवरच्या किड्यांपासून. दुसऱ्या महायुद्धात ती मिळेनाशी झाल्यावर अमेरिकेने एप्रिल 1942 मध्ये तबकड्यांसाठीचा लाखेचा वापर 70 टक्क्यांनी कापला, जुन्या तबकड्या गोळा करून पुन्हा दळल्या, आणि 1943 पासून सैनिकांसाठीच्या व्ही-डिस्क विनाइल या प्लॅस्टिकवर काढल्या. विनाइलकडे जाणारा रस्ता असा लाखेच्या टंचाईतून रुंदावला. आपल्याकडे 78 मात्र उशिरापर्यंत निघत राहिल्या. बीटल्सच्या डमडमला छापलेल्या 78 च्या तबकड्यांना आज जगभरचे संग्राहक शोधत असतात. तेव्हा 1960 च्या दशकातली 78 दिसली तर नवल मानू नका आणि रद्दीत तर मुळीच देऊ नका.

लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुतार पॉलिशसाठी तेच तर करतात. म्हणून स्पिरिट, सॅनिटायझर, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि विनाइलसाठी विकले जाणारे बहुतेक तयार द्राव 78 ला लावायचे नाहीत. चकाकी एका पुसण्यात जाते आणि खाचा कायमच्या बुजतात. सफाई अशी: आधी मऊ कोरड्या ब्रशने खाचांच्या दिशेने धूळ काढा. मग एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्याच्या सौम्य द्रव साबणाचे दोन-तीन थेंब टाका. कापड भिजवून पिळून घ्या आणि गोलाकार पुसा, आडवं कधीही नाही. मधल्या शिक्क्याला पाणी लागू देऊ नका, त्याचा रंग सुटतो आणि गोंद फुगतो. लगेच साध्या डिस्टिल्ड वॉटरच्या दुसऱ्या कापडाने साबण काढा, टिपून घ्या आणि सावलीत उभी वाळवा. पाण्यात भिजत ठेवू नका. आतले तंतू पाणी पितात आणि पृष्ठभाग खरबरीत होतो. चिरलेली तबकडी ओली करायचीच नाही. गठ्ठ्यात पाव इंच जाडीची, विलक्षण जड अशी एडिसनची डायमंड डिस्क निघाली तर तिला पाण्याचा स्पर्शही नको. तिचा गाभा फुगतो आणि वरचा थर उचलला जातो. तिची खाच खाली-वर कोरलेली असते, आडवी नाही, त्यामुळे साध्या ग्रामोफोनवर ती वाजवायची नाही.

काळ आणि कलावंत ओळखायला दिवा तिरका धरा आणि शिक्क्याभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यातले कोरीव आकडे वाचा. एचएमव्हीच्या बऱ्याच तबकड्यांवर साच्याच्या आकड्यानंतर छोटा त्रिकोण दिसतो. तो वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या विद्युत पद्धतीची खूण, म्हणजे ध्वनिमुद्रण 1925 नंतरचं. एकाच बाजूला गाणं आणि मागे कोरी असेल तर बहुधा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली. शिक्क्यावरचं नाव मात्र अंतिम पुरावा मानू नका. 1949 च्या ‘महल’मधल्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ हे पडद्यावरच्या पात्राचं नाव छापलं होतं, लता मंगेशकरांचं नव्हतं. तीसच्या दशकातल्या चित्रपटगीतांचं तबकडीसाठी पुन्हा वेगळं ध्वनिमुद्रण होई, त्यामुळे पडद्यावरची आणि तबकडीवरची गाणी शब्दाला शब्द जुळतीलच असं नाही.

चावीच्या यंत्रावर वाजवायचं तर पहिला नियम: पोलादी पिन एका बाजूला एकच. बाजू बदलली की पिन बदलली. यात कंजुषी नाही. तबकडीतली दगडाची पूड मुद्दाम घातलेली असते, ती पहिल्या काही फेऱ्यांत पिनेचं टोक घासून खाचेच्या आकाराचं करते. बाजू संपेपर्यंत त्या टोकाला धारदार खांदे येतात. तीच पिन दुसऱ्या बाजूवर ठेवलीत तर ती बाहेरच्या खाचेची भिंत कापत जाते, आणि तबकडीवर जो करडा पट्टा दिसतो तो अशाच पिनांचा. आवाज कमी-जास्त करायला या यंत्रावर बटण नसतं. जाड पिन मोठा आवाज देते, बारीक पिन मऊ. कमजोर तबकडीला बारीकच लावा. बांबूची किंवा काट्याची सुई तबकडीला सौम्य असते, पण खणखणीत विद्युत ध्वनिमुद्रणावर तिचं टोक अर्ध्यात मोडतं. पिन बसवून स्क्रू बोटानेच आवळा आणि बाजूने पाहून ती साधारण 60 अंशांत कलली आहे ना, ते तपासा. उभी पिन खाचेत ठेचकाळते.

साउंडबॉक्स (पिन आणि पडदा बसवलेला डबा) आणि हात मिळून खाचेवर शंभर ग्रॅमच्या पुढे भार टाकतात. एलपीची खाच दीड-दोन ग्रॅमसाठी घडवलेली असते. म्हणून विनाइलची कोणतीही तबकडी चावीच्या यंत्रावर ठेवायची नाही. एकदाच वाजते, आणि पुन्हा ऐकण्याजोगी उरत नाही.

स्प्रिंग प्रत्येक बाजूआधी भरा, विरोध वाढला की थांबा, आणि काम संपल्यावर ताटली फिरू देऊन ती सैल करा. वाजताना पेटीतून ‘धप्प’ असा दणका येऊन वेग हलत असेल तर स्प्रिंगच्या डब्यातलं ग्रीस वाळून चिकट झालं आहे, वेटोळी चिकटतात आणि एकदम सुटतात. डबा उघडून रॉकेलने धुवून ग्राफाइट ग्रीस भरणं हा उपाय. पण दाबलेली स्प्रिंग बाहेर उसळली तर बोटं फाटतात. आधी पूर्ण सैल करून, जाड हातमोजे घालून, ज्याने हे काम पाहिलं आहे त्यानेच करावं. वेग सतत कमी-जास्त होत असेल तर गव्हर्नर, म्हणजे वेग स्थिर ठेवणारा भाग, बघा: तीन छोट्या वजनांच्या पातळ पट्ट्यांपैकी एखादी तुटलेली किंवा वाकलेली असते, नाहीतर ब्रेकची चामडी गादी कोरडी पडलेली. गादीला हलक्या मशीन ऑइलचा एकच थेंब द्या.

आवाज पत्र्यासारखा फाटका येत असेल तर नव्वद टक्के वेळा दोष साउंडबॉक्सच्या रबरात असतो. पडद्याच्या दोन्ही बाजूंची रबरी नळी ऐंशी वर्षांत दगडासारखी होते आणि पडदा मोकळा हलत नाही. जुनं रबर खरवडून त्याच जाडीची मऊ नळी बसवली की यंत्र पुन्हा बोलतं. अभ्रकाचा पडदा असेल तर त्याच्या कडेला पापुद्रे सुटले नाहीत ना, ते उजेडात बघा. मधल्या स्क्रूजवळ मधाच्या मेणाचा छोटा थेंब हवा, नाहीतर तिथून हवा गळते आणि आवाज बसतो. जस्ताच्या मिश्रधातूचे भाग फुगून तडकले असतील तर जोर लावू नका, ते बिस्किटासारखे मोडतात.

यंत्र अजून विकत घ्यायचं असेल तर मुंबईच्या चोरबाजारात किंवा ऑनलाइन दिसणारं, झळाळत्या पितळी कर्ण्याचं आणि पेटीवर कुत्र्याची नवीकोरी पट्टी लावलेलं यंत्र टाळा. ती बहुतेक अलीकडे जोडलेली नक्कल असते: आत पेटी-ग्रामोफोनची मोटर, वर पातळ पत्र्याचा कर्णा, आणि हाताचा कोन चुकीचा. शोभेला ठीक, पण असा चुकलेला हात शेवटच्या इंचात तबकडी खाजवत जातो. त्याच पैशात जुना, बंद झाकणाचा, काळ्या कापडाचा पोर्टेबल ग्रामोफोन मिळतो. तो वाजवायला कितीतरी बरा.

रोज ऐकायला मात्र मी वीजटर्नटेबलच सुचवीन, कारण चावीचं यंत्र प्रत्येक वेळी तबकडी थोडी खातं. त्यावर 78 साठी वेगळी सुई घ्यावी लागते. एलपीच्या सुईच्या टोकाची त्रिज्या 18 मायक्रॉनच्या आसपास असते, 78 ची 75 च्या आसपास. एलपीची सुई 78 च्या रुंद खाचेच्या तळाशी पडते आणि तिथला घसारा आणि केर वाजवते, भिंतीवरचं गाणं नाही. भार 3 ते 5 ग्रॅम ठेवा. दोन्ही वाहिन्या एकत्र करून मोनो करा. तबकडीतला आवाज फक्त आडव्या हालचालीत आहे, उभ्या हालचालीत निव्वळ खरखर. मोनो करताच त्यातली बरीच आपोआप मिटते. फोनो प्रीअँपमधलं आरआयएए वळण, म्हणजे खालचे सूर चढवून आणि वरचे उतरवून आवाज समतोल करण्याचं ठरलेलं प्रमाण, 1954 नंतर रूढ झालं. ते जुन्या तबकडीवर लावलं तर खालचे सूर फुगतात आणि वरचे बसतात. शक्य असेल तर वळण नसलेली सपाट जोडणी घ्या आणि संगणकावर कानाने जुळवा.

वेग 78 असं छापलेलं असलं तरी सुरुवातीच्या तबकड्या 70 ते 80 च्या दरम्यान कोणत्याही वेगाने कोरलेल्या असतात. 78 ऐवजी 73.6 म्हणजे एक अख्खा अर्धस्वर खाली. आवाज बायकी, चिरका वाटत असेल तर वेग जास्त आहे. पेटी किंवा ऑर्गन साथीला असेल तर त्याच्या पट्टीवरून ताळा घ्या. मूळ पट्टी काळी-पांढरीच्या मधेच कुठेतरी लागत असेल तर वेग चुकला असण्याची शक्यता मोठी, पण त्या काळची वाद्यं आजच्या मोजमापाने मिळवलेली नसत हेही लक्षात ठेवा आणि गळ्याचा पोत नैसर्गिक वाटेल तिथे थांबा. यंत्राचा स्वतःचा वेग तपासायला 77 पट्ट्यांची स्ट्रोब चकती आपल्या 50 हर्ट्झच्या जुन्या ट्यूबलाइटखाली ठेवा. पट्ट्या स्थिर दिसल्या की वेग 77.92. एलईडी दिव्याखाली हे बऱ्याचदा जमत नाही. मग ताटलीच्या कडेला कागदाचा तुकडा चिकटवून अर्ध्या मिनिटात 39 फेरे मोजा, आणि तेही तबकडी वाजत असताना, कारण सुईच्या भाराने वेग उतरतो.

टर्नटेबलला 78 नसेल तरी अडत नाही. 45 वर वाजवून 24 बिट, 96 किलोहर्ट्झला भरून घ्या आणि ऑडॅसिटीसारख्या प्रणालीत वेग 73.3 टक्क्यांनी वाढवा. या युक्तीत सपाट जोडणी आवश्यकच आहे, नाहीतर वळण चुकीच्या जागी सरकतं. साफसुफीचा मोह आवरा. खरखर काढणारे फिल्टर आधी ‘स’, ‘श’ खातात आणि मग तानेची धार. मूळ फाइल हात न लावता वेगळी ठेवा, सफाई प्रतीवर करा, आणि फाइलच्या नावात शिक्क्यावरचा क्रमांक, साच्याचा क्रमांक आणि वापरलेला वेग लिहा.

ठेवताना तबकड्या उभ्या, कपाटात घट्ट नाही आणि तिरक्याही नाहीत. आडव्या थप्पीत खालच्या वाकतात आणि मधे एक खडा असला तर वजनाने चिरते. पावसाळ्यात कोकणात, मुंबईत जुन्या खाकी पाकिटांना बुरशी येते आणि ती खाचांत उतरते. पाकिटं बदलून आम्लरहित कागदाची घ्या, जुन्या पाकिटांवरच्या दुकानदाराच्या जाहिराती वेगळ्या जपून ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत तबकडी कोंडू नका, आत दमटपणा साठतो. खिडकीतल्या उन्हापासून आणि टीव्हीच्या मागच्या गरम कोनाड्यापासून दूर ठेवा. आणि उचलताना नेहमी दोन्ही हातांच्या तळव्यांत, कडेने धरा. एका हाताने कडेला चिमटीत धरलेली दहा इंची तबकडी तिच्या स्वतःच्या वजनाने तुटू शकते, विशेषतः तिला केसाएवढी चीर आधीच गेलेली असली तर.